ओल आधी, बुरशी नंतर: पाणी शिरलेल्या घरातली बुरशी काढण्याचं काम

जुलैच्या मध्यावर ठाण्यातून किंवा नवी मुंबईतून येणारा फोन साधारण एकाच धाटणीचा असतो. "बेडरूमच्या भिंतीवर काळं आलंय. ते औषध मारा आणि वरून रंगाचा हात फिरवून द्या. गणपतीच्या आधी झालं पाहिजे." या मागणीत तीन चुका आहेत. औषध मारून बुरशी जात नाही, ओल्या भिंतीवर रंग टिकत नाही, आणि गणपतीची तारीख भिंतीला कळत नाही.

रंगकाम, प्लंबिंग किंवा वॉटरप्रूफिंग करता करता या कामाकडे वळलेल्या नव्या मंडळींसाठी ही कामाची रीत लिहिली आहे. ज्यांच्या घरात काम व्हायचं आहे त्यांनीही वाचावी, म्हणजे ठेकेदाराला नेमकं काय विचारायचं ते कळेल.

बुरशी मारायची नसते, उचलून घराबाहेर न्यायची असते. मेलेल्या बुरशीनेही शिंका येतात, घसा खवखवतो, दमेकऱ्याला त्रास होतो. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतातच, ते कुणी संपवू शकत नाही. आपल्या हातात फक्त ओल आहे. ओला पुठ्ठा, लाकूड, जिप्सम बोर्डवरचा कागद यांवर 24 ते 48 तासांत बुरशी धरू लागते. म्हणून पाइप फुटल्याच्या दिवशीच बोलावणं आलं तर ते काम निव्वळ वाळवण्याचं आहे. पंखे लावा, ओल काढणारं यंत्र म्हणजे डीह्युमिडिफायर लावा, भिजलेलं सामान भिंतीपासून दूर करा. पुढचं सगळं वाचतं.

पाणी कुठून येतंय

पहिल्या भेटीला मॉइश्चर मीटर, हवेतली आर्द्रता दाखवणारा मीटर, टॉर्च आणि पेन्सिल एवढं पुरतं. टॉर्च भिंतीला चिकटवून तिरपा धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगे आणि उचललेली पुट्टी तिरप्या उजेडात लगेच दिसतात. मग कपाटं एकेक करून उघडा आणि उघडल्या क्षणी नाकाला काय जाणवतं ते बघा. डोळ्यांना काही दिसत नसताना येणारा कुबट वास बहुतेक वेळा कपाटाच्या पाठीमागून, नाहीतर फॉल्स सीलिंगच्या वरून येत असतो.

भिंतीवर दिसणारं पांढरं सगळं बुरशी नसतं. विटा-सिमेंटातले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन सुकले की लोणा धरतो. तो बोटाखाली कुरकुरतो आणि पाण्याच्या थेंबात विरघळतो. बुरशी विरघळत नाही, पसरते. हा फरक कळला नाही तर मीटरही फसवतो. क्षारांमुळे पिनचा मीटर खोटा जास्त आकडा दाखवतो, म्हणून लोणा ब्रशने झाडूनच मोजा. शिवाय असे बरेच मीटर लाकडासाठी बेतलेले असतात. भिंतीवरचा त्यांचा आकडा म्हणजे टक्के नव्हेत. त्याच घरातली, त्याच प्रकारची, नक्की कोरडी असलेली एक भिंत आधी मोजा आणि बाकीचे आकडे तिच्याशी ताडून बघा.

पाण्याचा माग डागाच्या जागेवरून आणि वेळेवरून लागतो. छतावरचा डाग पाऊस नसतानाही ओला असेल तर वरच्या घरातली मोरी किंवा संडास पाहा. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भांड्याचा सांधा आणि लाद्यांखालचा कोबा (भराव) हे नेहमीचे गुन्हेगार. वरच्यांच्या परवानगीने ट्रॅपचं तोंड बंद करा, दोन-तीन इंच रंगीत पाणी साठवा आणि 24 तास थांबा. डाग फक्त पावसात आणि फक्त सर्वात वरच्या मजल्यावर असेल तर गच्ची. आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती जास्त मार खातात. तिथे खिडकीच्या चौकटीभोवतीची फट, छज्जा आणि भिंतीचा सांधा, आणि एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तपासा. हे भोक बाहेरच्या बाजूला उतरतं हवं. घाईत उलट्या उताराचं पाडलं जातं आणि पावसाचं पाणी पाइपावरून सरळ घरात येतं. तळमजल्यावर जमिनीपासून फूट-दोन फूट उंचीचा सलग पट्टा दिसला, तर पाणी खालून वर चढतंय.

आणखी एक कारण आहे, ते नव्या माणसाला हमखास चकवतं. पावसाळ्यात बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे 26 अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. एका खोलीत रात्रभर 22 अंशांवर एसी चालतो. त्याच भिंतीच्या पलीकडे दुसऱ्या खोलीतलं कपाट भिंतीला चिकटून उभं आहे आणि त्या खोलीच्या खिडक्या उघड्या आहेत. कपाटामागची भिंत थंड, हवा दमट, वारा शून्य. कुठेही गळती नसताना तिथे काळे ठिपके उठतात, आणि लोक वरच्या मजल्यावर भांडायला जातात. खात्री करायची सोपी रीत अशी: दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने भिंतीवर हवाबंद चिकटवा आणि एक दिवस थांबा. पाणी प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला धरलं तर ते हवेतलं दव, भिंतीकडच्या बाजूला धरलं तर भिंतीतली ओल.

गळती थांबल्याशिवाय पुढचं काम घेऊ नका. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या भिंतींची दुरुस्ती सोसायटीकडे येते. संडास-मोरीतून होणारी आतली गळती ज्याच्या घरातून होते त्या सभासदाकडे. या वादात आपण पडायचं नाही. तारखेसह फोटो आणि मीटरचे आकडे लिहून द्यायचे, सेक्रेटरी काय ते बघतील.

पाणी कुठलं होतं तेही नोंदवा. पिण्याच्या लाइनचं पाणी, वॉशिंग मशीनचं पाणी आणि तुंबलेल्या गटाराचं किंवा नाल्याचं पाणी यांचे नियम वेगळे. गटाराचं पाणी शिरलेल्या घरातल्या गाद्या, सोफे, गालिचे वाळवून वापरायचे नसतात. ते टाकूनच द्यायचे, आणि त्या घरात गमबूट व रबरी हातमोजे घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही. लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची भीती इथे खरी आहे.

काम केवढं, माणसं कोण

दिसणारी बुरशी मिळून एक चौरस मीटरच्या आत असेल, म्हणजे साधारण दहा चौरस फूट, आणि पाणी स्वच्छ असेल तर घरचा धडधाकट माणूस एन-95 मास्क, हातमोजे आणि गॉगल लावून ते साफ करू शकतो. त्याहून जास्त असेल, सीलिंगच्या आत असेल किंवा एसीमध्ये शिरली असेल तर ते आपलं काम. घरात दमेकरी, तान्हं बाळ, केमोथेरपी किंवा अवयवरोपण झालेली व्यक्ती असेल तर काम संपेपर्यंत त्यांनी नातेवाइकांकडे राहावं. हे आधीच सांगा, मध्यावर नाही. रंगावरून जात ओळखायचा प्रयत्न करू नका. काळी दिसली की विषारी आणि हिरवी दिसली की निरुपद्रवी, असं काही नसतं. प्रत्येक रंगाची बुरशी त्याच पद्धतीने काढायची.

कारागिराला हाफ-फेस रेस्पिरेटर आणि धुळीचे पी-100 फिल्टर, बंद गॉगल, नायट्राइलचे हातमोजे आणि टोपीसह फेकून देण्याजोगा सूट लागतो. दाढी असेल तर मास्क चेहऱ्यावर घट्ट बसत नाही, कडेने हवा आत येते. जुलैत त्या सुटात घामाची आंघोळ होते, म्हणून 30-40 मिनिटांच्या पाळ्या लावा आणि पाणी पीत राहा. काम सुरू करण्यापूर्वी ओल्या भिंतीवरच्या सॉकेटांचा एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा स्विच) खाली पाडायचा. टेस्टरने खात्री केल्याशिवाय खरवडणीला हात लावायचा नाही.

खोली बंद करणं

सर्वात जास्त कामं इथे बिघडतात. कोरडी बुरशी खरवडताना लाखो बीजाणू उडतात. खोली बंद केली नाही तर एका बेडरूमची बुरशी अख्ख्या घरात जाऊन बसते.

सामान बाहेर काढण्यापूर्वी पुसून घ्या. जे हलत नाही त्यावर प्लास्टिक टाकून टेप लावा. दारावर 150 मायक्रॉनचं प्लास्टिक दोन पदरी लावा. पहिल्या पदराला उभा चिरा पाडा आणि त्यावर दुसरा पदर पडद्यासारखा सोडा. एसी बंद करून पूर्ण गुंडाळा, खोलीतला पंखा बंद. एक्झॉस्टची भोकं आणि दाराखालची फट टेपने बंद करा. साधा 50 मायक्रॉनचा रोल स्वस्त पडतो, पण दोन तासांत फाटतो.

मग खोलीत उणा दाब तयार करायचा, म्हणजे हवा बाहेरून आत यावी, आतून बाहेर फक्त फिल्टरमधून जावी. हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचं यंत्र खोलीत ठेवून त्याचा पाइप खिडकीतून बाहेर काढा आणि खिडकीची उरलेली फट प्लायने किंवा प्लास्टिकने बंद करा. पाइपाचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको. हिशोब सोपा आहे. 10 बाय 12 फुटांची, 9 फूट उंच खोली म्हणजे जवळपास 30 घनमीटर. तासाला सहा वेळा हवा बदलायची तर ताशी 180 घनमीटर ओढणारं यंत्र हवं. फिल्टर भरत जातो तशी ओढ कमी होते, म्हणून 250-300 चं घ्या. यंत्र सुरू केल्यावर दारावरचं प्लास्टिक आतल्या बाजूला पोटासारखं फुगलं पाहिजे. उदबत्ती पेटवून पडद्याच्या चिऱ्याशी धरा. धूर आत ओढला गेला तर बरोबर. बाहेर आला किंवा जागीच घुटमळला तर कुठेतरी फट राहिली आहे.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा: बुरशी भिंतीवर असताना टेबल फॅन लावून खोली वाळवणं. वाळवण्याची घाई समजू शकते, पण तो पंखा बीजाणूंची पेरणी करतो.

काय उपटायचं, काय ठेवायचं

आधी सगळा पृष्ठभाग हलक्या फवाऱ्याने ओलसर करा. पाच लिटरच्या पंपात साधं पाणी आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन चमचे बस. धूळ उडत नाही. पाणी ओघळेपर्यंत मारू नका, आधीच पाणी काढायला आलो आहोत.

मग भिंत कशाची आहे ते बघायचं, कारण इथे ठाण्याच्या जुन्या आणि नव्या इमारतींचं गणित वेगळं आहे. नौपाड्यातल्या जुन्या इमारती किंवा वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको वसाहतींत बहुतेक विटेवर वाळू-सिमेंटचा गिलावा असतो. तो पाण्याने कुजत नाही. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ आवाज येईल तेवढाच काढा, बाकीच्यावरून रंग आणि पुट्टी सिमेंटापर्यंत खरवडा. घोडबंदर रोड आणि खारघरच्या बऱ्याच नव्या टॉवरांत आतून जिप्सम प्लास्टर असतं, मागे हलक्या राखाडी ब्लॉकची भिंत. जिप्सम फार वेळ भिजलं की साबणासारखं मऊ होतं. नखाने दाबल्यावर खळगा पडला तर ते वाचत नाही, ब्लॉकपर्यंत काढायचं. हे ब्लॉक पाणी भरपूर पितात आणि फार सावकाश सोडतात. वरून कोरडी दिसणारी अशी भिंत आतून महिनाभर ओली असू शकते.

जिप्सम बोर्डच्या सीलिंगवर बुरशी दिसली तर ती दिसते त्याच्या चारही बाजूंनी एक ते दीड फूट पुढपर्यंत कापा, कारण बोर्डच्या मागच्या कागदावर ती आणखी पसरलेली असते. कापायच्या आधी आतल्या लाइटच्या वायरा बघा. बोर्ड खाली पाडू नका, दोघांनी धरून उतरवा आणि तिथल्या तिथे पिशवीत भरा.

लाकडाचा निर्णय मालकाला जड जातो. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ फुगलं की गेलं, त्यावर वेळ घालवू नका. चांगल्या प्रतीचं वॉटरप्रूफ प्लाय बऱ्याचदा वाचतं. त्यावरचं सनमायका सुटलेलं नसेल तर पुसून चालतं. पाठीचं उघडं प्लाय मात्र व्हॅक्यूम जोडलेल्या सँडरने घासावं लागतं. कपाटाची पाठ बहुधा 4-6 मिलिमीटरच्या पातळ प्लायची असते. ती बदलायला सुतार अर्धा दिवस घेतो. घासत बसण्यापेक्षा नवी बसवलेली बरी.

जे काढलं ते दोन पिशव्यांत बांधा. आतली पिशवी प्लास्टिकच्या आतच बंद करून बाहेरून ओल्या फडक्याने पुसा, मग दुसऱ्या पिशवीत घाला आणि दाराबाहेर न्या. लिफ्टने राडारोडा उघडा नेला तर वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांचे फोन येतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

साफसफाई: औषधापेक्षा फडकं महत्त्वाचं

उरलेला प्रत्येक पृष्ठभाग हेपा व्हॅक्यूमने ओढा. मग साबणाच्या पाण्यात पिळलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसा, सुकू द्या आणि पुन्हा व्हॅक्यूम. छतापासून सुरुवात, शेवटी लादी. फडकं एका दिशेने फिरवायचं, घडी बदलत राहायचं. एकाच बादलीत तेच फडकं दहा वेळा बुडवलं तर घाण या भिंतीवरून त्या भिंतीवर जाते. घरचा साधा व्हॅक्यूम अजिबात वापरू नका. त्याचा फिल्टर बीजाणू अडवत नाही, मागच्या जाळीतून ते पुन्हा खोलीत फेकतो.

ब्लीचवर लोकांचा फार विश्वास आहे. लादी, काच, बेसिन अशा पाणी न पिणाऱ्या पृष्ठभागावर ते चालतं: घरगुती ब्लीच एक कप चार लिटर पाण्यात, दहा मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. ड्रममधलं औद्योगिक हायपोक्लोराइट याहून बरंच तीव्र असतं, त्याच मापाने घेऊ नका. गिलावा आणि लाकडात ब्लीचचं पाणी आत झिरपतं, क्लोरीन वरच संपतो. डाग फिका पडतो आणि मालक खूश होतो. महिन्याभराने तिथेच काळं येतं. आणि मोरीच्या लाद्यांसाठी ज्या घरात ॲसिड वापरतात तिथे विशेष सावध राहा. ॲसिडवर ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोही बंद केलेल्या खोलीत, जिथे आपलीच माणसं काम करत असतात.

मशीनने खोलीत धूर सोडणाऱ्या फॉगिंगबद्दल इतकंच म्हणतो: साफसफाईनंतर वरचा हात म्हणून कुणी केलं तर ठीक, साफसफाईऐवजी केलं तर ते फसवणूक आहे.

वाळवणं

आता पंखे लावायची वेळ. 10 बाय 12 च्या खोलीला दिवसाला 20 ते 30 लिटर पाणी काढण्याची क्षमता असलेला डीह्युमिडिफायर एक आणि भिंतीच्या कडेने तिरपा वारा मारणारे दोन पंखे पुरतात. खिडक्या बंद. इथे प्रत्येक घरात वाद होतो, कारण "हवा खेळती ठेवा" हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. मे महिन्यात ते खरं आहे. जुलैत खिडकीतून येणारी हवा भिंतीपेक्षा फारशी कोरडी नसते, ती ओल नेत नाही, आणते. डीह्युमिडिफायर भाड्याने मिळत नसेल तर एसी ड्राय मोडवर चालेल, फक्त त्याचे फिल्टर आणि कॉइल आधी साफ झालेले हवेत, आणि खोली 26 अंशांच्या खाली नेऊ नका.

भिंतीवर दर दीड फुटावर पेन्सिलने छोटे गोल काढा आणि रोज त्याच गोलात मोजा. वहीत तारीख, वेळ, तापमान, आर्द्रता, प्रत्येक गोलाचा आकडा आणि यंत्राच्या टाकीतून किती पाणी निघालं ते लिहा. पहिले दोन-तीन दिवस बादल्या भरतात, मग उतरतात. पाणी कमी झालं पण भिंतीचे आकडे हलत नाहीत, असं झालं तर गळती अजून चालू नाही ना ते तपासा. वही हाच तुमचा पुरावा. तोंडी "वाळलंय" म्हणणाऱ्या ठेकेदाराला दर द्यायचा की नाही ते मालकाने ठरवावं.

लाकडाचा आकडा 15-16 टक्क्यांच्या खाली आला की सुतारकाम सुरू करायला हरकत नाही. भिंतीचा आकडा कोरड्या भिंतीच्या बरोबरीला आला पाहिजे, आणि यंत्रं बंद करून दोन दिवसांनीही तिथेच राहिला पाहिजे. हे दोन दिवस कुणी थांबत नाही. ओल खोलवर असेल तर ती याच वेळात पृष्ठभागावर येते.

प्लास्टिक काढण्यापूर्वी काळं फडकं घेऊन कपाटाच्या वर, दाराच्या चौकटीवर, पंख्याच्या पात्यावर फिरवा. धूळ आली तर पुन्हा व्हॅक्यूम. खोली रात्रभर बंद ठेवून सकाळी नाक लावा. कुबट वास असेल तर काहीतरी मागे राहिलंय. हवेचा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा झाला तर त्याच वेळी घराबाहेरचाही घ्या. पावसाळ्यात बाहेरच बीजाणू भरपूर असतात, तुलना नसेल तर आतल्या आकड्याला अर्थ नाही.

रंग आणि गणपती

गळती ऑगस्टमध्ये थांबली, भिंत ब्लॉकची आहे, आणि बाप्पा तीन आठवड्यांवर आलेत. अशा वेळी स्वच्छ खरवडलेला उघडा गिलावा तसाच ठेवा. त्यावर पुट्टी भरली की आतलं पाणी अडकतं आणि नवरात्रापर्यंत पोपडे निघतात. मखरामागे पडदा लावा, पण तो भिंतीला चिकटवू नका, तीन-चार इंच पुढे लावा. रंगाचं काम पाऊस गेल्यावर, मीटरने होकार दिल्यावर, दिवाळीच्या आधी. तेव्हाही आधी अल्कलीला टिकणारा प्रायमर, मग पुट्टीचे पातळ हात, मग रंग. बुरशीरोधक रंग घेतला तर चांगलंच, पण त्यातलं औषध वरच्या थराचं रक्षण करतं, मागून येणाऱ्या पाण्याचं काही करत नाही.

कपाट परत लावताना बाहेरच्या भिंतीपासून आणि एसीच्या खोलीच्या भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा, पाठीला वर-खाली हवेची भोकं पाडा. सुतार म्हणेल फट वाईट दिसते. कडेला पट्टी मारून द्यायला सांगा, फक्त वरचं आणि खालचं तोंड उघडं राहू द्या.